कंसातली नावे

कळंबोली गावठाणातल्या जुन्या घरांत सातबाराचे उतारे अजून जपून ठेवलेले असतात. जमिनी मात्र कधीच गेल्या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी पनवेल तालुक्यातली भातशेती संपादित झाली. उतारे जपायचे कारण साडेबारा टक्के योजनेतला भूखंड. त्यासाठी वारसाला आजोबांचा हक्क दाखवावा लागतो आणि जुन्या उताऱ्यावर आजोबांचे नाव बहुधा कंसात असते. माझ्या धंद्याच्या दृष्टीने तो कंस फार मोलाचा आहे.

मी वेब ॲप्लिकेशन लिहितो. दवाखाना असो, हाउसिंग सोसायटी असो की इथल्या लोखंड बाजारातले गोदाम, पडद्यामागे कामे चारच : नोंद करणे, दाखवणे, बदलणे, पुसणे. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्याला ‘क्रूड’ म्हणतो. हीच चार कामे दर वेळी नव्याने लिहिण्याचा कंटाळा येऊन लोकांनी ती एकदाच लिहून ठेवली. २००४ मध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सनने ‘रूबी ऑन रेल्स’ खुले केले. त्याला नोंदीचे नाव आणि रकाने सांगितले, की अर्ज, यादी, दुरुस्तीचे पान आणि पुसण्याची सोय आपोआप तयार होते. या सोयीचे नाव ‘स्कॅफोल्ड’, म्हणजे परांची. (इमारत झाली की परांची उतरवतात, आमच्याकडे ती पुष्कळदा तशीच राहते.) पुढच्याच वर्षी आलेल्या ‘जँगो’चा जन्म तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतला. हा कोड रकान्यांचे वर्णन वाचतो आणि त्यावरून अर्ज मांडतो. समोर रुग्ण आहे की लोखंडी सळई, हे त्याला कळत नाही आणि म्हणूनच तो सगळीकडे चालतो.

महसूल खात्याचे गाव नमुने हीच कल्पना कागदावर राबवतात. साचा एक, गावे हजारो. पण तिथली शिस्त वेगळी. सातबारावरचे नाव थेट बदलता येत नाही. तलाठी आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, बदल लिहितो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग नवे नाव चढते. जुन्याला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. आज मालक कोण हे उतारा सांगतोच, शिवाय काल कोण होता आणि बदल कशाने झाला हेही. २०२० मध्ये ठरलेल्या संगणकीय नमुन्यात कंसावर आडवी रेघ आली. नाव तरीही वाचता येते.

तयार कोडमधले चौथे काम मात्र ओळच काढून टाकते. तिसरेही तितके निरुपद्रवी नाही, कारण ते जुन्या मजकुरावर नवा लिहिते. शिवाय नोंदी एकमेकींशी तशा बांधलेल्या असतील, तर एक खातेदार पुसताना त्याच्या सगळ्या नोंदी सोबत जातात. जँगो आधी यादी दाखवून विचारते खरे, पण घाईत ती कोण वाचतो?

यावरचा उपाय ‘सॉफ्ट डिलीट’. ओळ ठेवायची, फक्त रद्द झाल्याची तारीख एका रकान्यात लिहायची. ऐकायला सोपे, पण मग प्रत्येक यादीत, प्रत्येक बेरजेत ‘रद्द नसलेल्याच घ्या’ ही अट लागते. एका ठिकाणी विसरली तरी मृत खातेदाराला नोटीस निघते. आणि सगळेच जपावे असेही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. विस्मरणात गेलेल्या ग्राहकाचा फोन नंबर कंसात ठेवून कुणाचे भले होणार? हक्काची नोंद आणि ओळखीची माहिती यांतला फरक तयार कोडला कळत नाही. तो लिहिणाऱ्यानेच ठरवायचा असतो.

मी ठेवलेल्या सामायिक कोडमध्ये म्हणून ‘पुसा’ हे बटण नाही, ‘रद्द करा’ आहे. खरोखर पुसण्याची वाट वेगळी आणि मुद्दाम लांबची. प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो. जुनी किंमत, तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव वेगळ्या तक्त्यात जाते. तिथे कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.