कॅन्सर बरा झाला, पण मूल कसे आहे?

उपचार संपवून मूल कोल्हापूरला घरी येते, रिपोर्ट चांगला असतो. पण ते धावते का, मित्र त्याला खेळायला घेतात का? हे मोजायला जगभर ‘पेड्सक्यूएल’ ही 23 प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. शरीर, मन, मित्र आणि शाळा हे तिचे भाग. गुण 0 ते 100, जास्त गुण म्हणजे जगणे बरे. माझ्या मते शाळेचे पाच प्रश्न सर्वांत बोलके. मुलाला वेगळे विचारतात, पालकांना वेगळे, आणि उत्तरे अनेकदा जुळत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बऱ्या झालेल्या मुलांसाठी 1991 पासून ‘अ‍ॅक्ट’ क्लिनिक आहे. कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या अशा घरी गेलात तर आईवडिलांशी जरूर बोला. शाळेचे मात्र मुलालाच विचारा.