मेणाचे पांघरूण

मुलांनो, अळूच्या पानावर थोडे पाणी टाकून पाहा. पाण्याचे मोत्यांसारखे थेंब होतात आणि घरंगळून जातात. पान कोरडेच राहते. असे का होते? त्या पानावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. उर्दूत आपण ज्याला 'मोम' म्हणतो, तेच मराठीतले मेण.

मेण पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याला आत शिरू देत नाही. हा गुण ओळखून माणसाने मेणाचा उपयोग वस्तूंच्या रक्षणासाठी केला. मधमाश्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण तयार करतात आणि त्याचे पोळे बांधतात. दुसरे मेण खनिज तेलापासून मिळते. त्याला पॅराफीन म्हणतात. बाजारातील मेणबत्त्या बहुधा याच मेणाच्या असतात.

आपले राजूर गाव कोळसा आणि चुना यांसाठी ओळखले जाते. येथे अनेक घरांची रोजी फावडे, कुदळ, घमेले यांवर चालते. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू हे दोन्ही मिळाले की गंज चढतो. पावसाळ्यात ओली धूळ अवजाराला चिकटून राहते, तेव्हा हे काम आणखी लवकर होते. गंज म्हणजे नुसता लाल डाग नव्हे. त्यात लोखंडच झिजून जाते. नवे अवजार घ्यायचे तर पदरचे पैसे जातात.

यावर उपाय सोपा आहे. पावसाळ्यापूर्वी अवजाराचा गंज काचकागदाने घासून काढा. ते पुसून उन्हात चांगले तापू द्या. गरम लोखंडावर मेणबत्तीचा तुकडा घासा आणि कोरड्या फडक्याने मेण सगळीकडे पसरवा. थर पातळच हवा. जाड थरावर धूळ बसते. लोखंड ओले असताना मात्र मेण लावू नका. तसे केले तर पाणी आतच कोंडले जाईल. वापराने थर निघून जातो, म्हणून अधूनमधून पुन्हा मेण लावावे लागते. लाकडी मेजालाही असे मेण लावता येते.

कारखान्यांतही हीच युक्ती वापरतात. यंत्रांचे सुटे भाग दूर पाठवताना त्यांवर मेणयुक्त लेप देतात. खाद्यपदार्थ गुंडाळायला मेणकागद वापरतात. सफरचंद सुकू नये म्हणून त्यावर खाण्यायोग्य मेणाचा पातळ लेप देतात.

पण मेण सगळीकडे चालत नाही. चुन्याचा ताजा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. त्यावर मेण लावले तर त्याला हवा कशी मिळणार? तवा आणि चूल यांवरही मेण नको, कारण ते वितळते आणि पेट घेते. पायऱ्यांवर लावले तर पाय घसरतो.

मेण स्वस्त आहे आणि काम अर्ध्या तासाचे आहे. तेव्हा मुलांनो, पहिला पाऊस पडण्याआधी घरातील एक तरी अवजार अशा रीतीने जपून ठेवा आणि पावसाळा संपल्यावर ते नीट पाहा.