मराठीत पक्का असलेला मुद्दा इंग्रजीत का घसरतो? शिरोळच्या दोन उदाहरणांतून समजून घ्या

नांदणीच्या मठातील महादेवी उर्फ माधुरी हत्तीणीला गुजरातमधील वनतारा केंद्रात पाठवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी दिला. मठाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि सारा शिरोळ तालुका पेटून उठला. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पदयात्रा निघाली. चहाच्या टपरीपासून दूध डेअरीपर्यंत प्रत्येक जण हा खटला मराठीत तासभर लढवू शकत होता. न्यायालयात मात्र तो इंग्रजीत लढला गेला.

निकाल बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय नाही. विषय हा, की मराठीत ठणकावून मांडलेला मुद्दा इंग्रजीत नेताना नेमके काय बदलावे लागते? लॉच्या विद्यार्थ्यापासून कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ग्रुप डिस्कशनला बसणाऱ्या इंजिनीअरपर्यंत अनेकांना हा प्रश्न पडतो.

इंग्रजीत वाद घालायची वेळ येते कुठे?

राज्यातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार कामकाज इंग्रजीत चालते. राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल उच्च न्यायालयात राज्याच्या भाषेला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये हिंदीला ती मिळाली आहे. मराठीला अजून नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे शिरोळच्या वकिलाचा मुंबईचा प्रवास वाचला, पण भाषेचे अंतर तेवढेच राहिले.

न्यायालयाने नेमके काय तोलले?

मठाची बाजू होती परंपरेची: तीन दशकांहून अधिक काळ सांभाळलेली हत्तीण आणि तिचे धार्मिक विधींतील स्थान. समोरच्या बाजूने हत्तिणीच्या प्रकृतीचे अहवाल आणि छायाचित्रे मांडली. चांगले जगण्याचा हत्तिणीचा हक्क आणि विधींसाठी तिचा वापर करण्याचा मठाचा हक्क यांत उच्च न्यायालयाने पहिल्या हक्काला झुकते माप दिले.

दोन्ही बाजूंना अनुभवी वकील होते. त्यामुळे हा इंग्रजी कुणाचे चांगले याचा सामना नव्हता. पण एक गोष्ट यातून दिसते. ‘लोकांचा तिच्यावर जीव आहे’ हे वाक्य गावात पुरेसे ठरते. न्यायपीठासमोर त्याच्या पुढचा प्रश्न येतो: तिची प्रकृती कशी आहे आणि त्याचा कागद कुठे आहे? भावना खोटी नसते, पण तिला पुराव्याचा आधार लागतो.

उच्चारांमुळे खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांचा २०१० चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सामान्य ज्ञानाची साधी विधाने वेगवेगळ्या उच्चारांत ऐकवल्यावर, परक्या धाटणीच्या उच्चारातील विधाने श्रोत्यांना कमी खरी वाटली. बोलणारा फक्त दुसऱ्याचे वाक्य वाचून दाखवतोय, हे माहीत असूनही.

कारण काय? ऐकायला कष्ट पडले की मेंदू त्या कष्टाचा दोष मजकुराच्या खरेपणावर टाकतो, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. यातून आपल्या कामाची गोष्ट निघते. खोटा अमेरिकन उच्चार काढण्यापेक्षा ऐकणाऱ्याचे कष्ट कमी करा. सावकाश बोला, वाक्य छोटे ठेवा, नाव आणि आकडा स्पष्ट उच्चारा.

मराठीचा जोर इंग्रजीत का हरवतो?

इथे व्याकरणाच्या चुकांपेक्षा तीन सवयी जास्त आड येतात.

• निष्कर्ष शेवटी ठेवणे: मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि बोलतानाही आपण आधी हकीकत, मग निष्कर्ष सांगतो. ग्रुप डिस्कशनमध्ये तुमची हकीकत संपण्याआधीच दुसरा बोलू लागतो. पहिल्याच वाक्यात आपली बाजू सांगा.

• ‘च’ चे भाषांतर: ‘हीच बाजू खरी’ यातला ‘च’ वाक्याला धार देतो. इंग्रजीत त्याच्या जागी ‘ओन्ली’ ठोकला की वाक्य विचित्र होते. तो जोर आकड्याने किंवा उदाहरणाने द्यावा लागतो.

• आदर कुठे ठेवायचा: ‘तुमचं चुकतंय हो’ यात ‘तुम्ही’ आणि ‘हो’ मिळून धार बोथट करतात. इंग्रजीत ‘यू’ सगळ्यांना सारखाच. म्हणून ‘यू आर राँग’ थेट तोंडावर बसते. त्याऐवजी ‘आय सी इट डिफरंटली’ किंवा ‘दॅट इज ट्रू फॉर वन पार्ट, बट...’ म्हटले की विरोध तसाच राहतो आणि समोरचा ऐकूनही घेतो.

कोल्हापुरात शिकलेल्या गोखल्यांनी काय केले?

गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झाले. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती. १८९७ मध्ये त्यांनी लंडनला वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाविषयी साक्ष दिली. १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. तिजोरीतील शिल्लक ही समृद्धीची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा, अशी मागणी त्यांनी केली. १९०३ मध्ये या दोन्ही सवलती मिळाल्या.

याच गोखल्यांना १८९७ मध्ये जाहीर माफीही मागावी लागली होती. पुण्यात प्लेगच्या काळात सैनिकांनी केलेल्या वर्तनाविषयी त्यांनी इंग्लंडमध्ये गंभीर आरोप केले. पत्रांतून मिळालेल्या त्या माहितीचा पुरावा त्यांना परतल्यावर उभा करता आला नाही. माणूस तोच, इंग्रजीही तेच. हातात असलेल्या पुराव्याने मात्र निकाल वेगळा लावला.

सराव कसा करायचा?

तालुक्याचाच विषय घ्या: ‘अलमट्टी धरणाची उंची वाढवू नये.’ कृष्णा लवादाने २०१० च्या निवाड्यात पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास मुभा दिली. महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. आता चार वाक्ये लिहा.

१. दावा: ‘अलमट्टीज लेव्हल शुड नॉट बी रेज्ड.’ सुरुवात इथूनच.

२. कारण: ‘अ हायर लेव्हल बिलो अस मे स्लो द फ्लडवॉटर लीव्हिंग शिरोळ.’ खात्री नसेल तिथे ‘मे’ वापरा. त्याने मुद्दा कमकुवत होत नाही, उलट खोडायला अवघड होतो.

३. पुरावा: बहुतेक जण इथेच घसरतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगितले, की पूर आले एवढेच सिद्ध होते. ते अलमट्टीमुळे आले, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी पुराच्या दिवसांतील अलमट्टीची पातळी आणि नृसिंहवाडी, राजापूर बंधारा येथील पातळी तारखेनुसार शेजारीशेजारी मांडावी लागेल.

४. उत्तर: समोरचा वडनेरे समितीचा अहवाल काढणारच. २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचे त्या समितीने म्हटले होते. तो काढण्याआधी आपणच काढा: ‘दॅट रिपोर्ट वॉज अबाउट २०१९, व्हेन द लेव्हल वॉज ५१९.६०. अवर क्वेश्चन इज अबाउट ५२४.२५६.’

मग बाजू बदला आणि कर्नाटकाच्या वतीने हीच चार वाक्ये लिहा. आपल्या मुद्द्यातले भोक आपल्याला तेव्हाच दिसते. शेवटी मोबाइलवर ९० सेकंदांत रेकॉर्ड करून ऐका. उच्चार नंतर तपासा. आधी एवढेच पाहा, की पहिल्या दहा सेकंदांत तुमची बाजू कोणती ते कळते का.

मग मराठीचे काय?

मुद्दा आधी मराठीतच पक्का करा. दोन्ही बाजू, आकडे, शंका सगळे आपल्या भाषेत स्वच्छ झाले, की इंग्रजीत न्यायचे ओझे हलके होते. उच्च न्यायालयात मराठीला परवानगी मिळावी, ही मागणीही रास्त चर्चेचा विषय आहे. ती दिल्लीत मांडतानाही आधी दावा, मग कारण, मग पुरावा, आणि ‘न्यायाधीशांच्या इतर राज्यांत बदल्या होतात, त्यांचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागेल.