पोलिसांच्या कमरेचे होल्स्टर

होल्स्टरला परस्परविरोधी अशी दोन कामे करावी लागतात. हत्यार ज्याचे आहे त्याच्या हाताला ते क्षणात लागले पाहिजे आणि इतर कोणालाही ते मिळता कामा नये. सैनिकासमोरचा शत्रू बहुधा अंतरावर असतो, पोलीस मात्र गर्दीतच उभा असतो. शिर्डीची रामनवमी, पाथर्डी तालुक्यातली मढीची यात्रा, शनिशिंगणापूरची शनी अमावास्या अशा बंदोबस्तात खांद्याला खांदा लागतो. कमरेच्या पिस्तुलापासून कोणाचा तरी हात वीतभर अंतरावर असतोच. म्हणून पोलिसी होल्स्टरमध्ये पिस्तूल उपसण्याच्या वेगापेक्षा ते राखण्याला अधिक महत्त्व द्यायला हवे.

राज्यात इतरत्र आहे तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातही कमरेला हत्यार दिसते ते मुख्यतः उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या. शिपायाकडे काठी आणि पहाऱ्यावर असेल तर रायफल. अधिकाऱ्यांच्या हत्यारांत जुने .38 चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आहे आणि इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे 9 मिमी पिस्तूलही आहे. हे पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवर या 1935 सालच्या नमुन्यावर बेतलेले असून त्याच्या मॅगझिनमध्ये 13 गोळ्या बसतात. रिव्हॉल्व्हर सिलिंडरपाशी फुगीर असते, पिस्तूल चपटे असते. त्यामुळे एकासाठी शिवलेल्या होल्स्टरमध्ये दुसरे नीट बसत नाही. ते आत हलत राहते आणि पळताना उसळते.

सर्वांत जुना प्रकार झाकणाच्या चामडी होल्स्टरचा. जाड चामड्याची पिशवी, वरून मुठीपर्यंत येणारे झाकण आणि ते अडकवायला पितळी बटण. त्याच्या जोडीचा खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा सॅम्युअल ब्राउन या घोडदळाच्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. 1858 मध्ये पिलिभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवारीचे म्यान सावरायला हात उरला नाही, म्हणून भार खांद्यावर घेणारा हा पट्टा त्याने वापरात आणला. संचलनात पोलीस अधिकारी आजही तो घालतात. झाकणामुळे धूळ-पाऊस आत जात नाही आणि मागून कोणी झडप घातली तरी पिस्तूल सहज निघत नाही. पण झाकण उघडायलाच वेळ जातो. रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या कडीत अडकवलेली दोरी, म्हणजे लॅनयार्ड, ही त्या काळातली दुसरी खबरदारी. हातातून निसटले तरी हत्यार जमिनीवर पडत नाही.

चामड्यानंतर जाड विणीच्या सुती कापडाची लष्करी होल्स्टर आली. ब्रिटिश रणगाडा दलासाठी मांडीवर खाली लोंबणारा एक नमुना निघाला होता. रणगाड्याच्या झडपेतून बाहेर पडताना तो अडकू लागला, म्हणून पुढे त्याचा पट्टा आखूड झाला. भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र ज्या नगर शहरात आहे, तिथल्या वाचकाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. आधुनिक मांडी-होल्स्टर त्याच घराण्यातले. अंगात चिलखती जाकीट असेल तर कमरेवर हात पोहोचत नाही, तेव्हाच ते उपयोगी. रोजच्या गस्तीत ते पायाला ओझे होते.

आता झाकणाऐवजी अंगठ्याने दाबून सोडायची पट्टी असलेली उघडी होल्स्टर आणि कडक प्लास्टिकच्या साच्यात घडवलेली होल्स्टर वापरात आहेत. त्यांची सुरक्षितता पायऱ्यांनी मोजतात. पहिल्या पायरीत पिस्तूल केवळ घट्ट बसल्यामुळे टिकते, पुढच्या पायऱ्यांत एकेक कुलूप वाढत जाते. तर्जनीने दाबायच्या बटणाबाबत मात्र सावध राहावे. घाईत तेच बोट घसरून ट्रिगरवर जाऊ शकते. अमेरिकेतल्या काही प्रशिक्षण संस्थांनी याच कारणाने अशी होल्स्टर बंद केली.

स्थानिक गुन्हे शाखेचे साध्या वेशातले काम वेगळेच. तिथे पँटच्या आत खोचायचे, शर्टाखाली झाकले जाणारे होल्स्टर लागते. त्यात बसता-उठता शर्ट वर सरकून मूठ दिसू नये, एवढी काळजी घ्यावी लागते. काखेतले होल्स्टर थंडीत जाकिटाखाली चालते, नगरच्या उन्हाळ्यात नाही.

17,048 चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, त्यामुळे अधिकाऱ्याचा बराच वेळ गाडीत जातो. पुढच्या डाव्या आसनावर बसणाऱ्याच्या सीटबेल्टचे बक्कल नेमके उजव्या कमरेपाशी येते आणि होल्स्टरही तिथेच असते. उतरताना पट्टा मुठीत अडकतो. होल्स्टर किंचित पुढे सरकवले तर ही अडचण कमी होते, पण मग वाकताना नळी मांडीला रुतते.

हवामानही होल्स्टरची परीक्षा पाहते. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात चामडे दिवसेंदिवस ओले राहते. त्यावर बुरशी चढते, पितळी बटणाभोवती हिरवट डाग पडतात आणि आतल्या पोलादाला गंज धरतो. जामखेड-कर्जतच्या कोरड्या भागात तेच चामडे तडकते आणि धूळ पिशवीच्या तळाशी साठते. म्हणून पिस्तूल रात्रभर चामड्यात ठेवू नये. ते बाहेर काढून पुसावे, तेलाचा हलका हात द्यावा. होल्स्टर सावलीत वाळवावे, उन्हात किंवा चुलीजवळ नाही.

हत्यार बदलले की होल्स्टरही बदलले पाहिजे, आणि नव्या कुलपाचा सराव रिकाम्या पिस्तुलावर केल्याशिवाय ते बंदोबस्ताला नेऊ नये. शिवण उसवलेले किंवा बटण सैल झालेले होल्स्टर तात्पुरता टाका घालून वापरू नये, शस्त्रागारात परत करावे.