सायकल धुताना काय वापरायचं?

पावसाळ्यात वलगावच्या शेतरस्त्यानं सायकल नेली की काळी माती मडगार्डात गच्च बसते. ती कोरडी खरवडू नका, रंगावर चरे पडतात. आधी पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या.

🚲 फ्रेम, रिम : बादलीभर पाण्यात चमचाभर कार शॅम्पू आणि मऊ फडकं. तो नसेल तर भांड्यांचं लिक्विडही चालतं, फक्त नंतर भरपूर पाण्यानं धुवा. कपड्यांची पावडर टाळा. तिच्यात सोडा असतो, त्यानं ॲल्युमिनियम काळवंडतं.

🚲 चेन, फ्रीव्हील : जुन्या ब्रशला थोडं डिझेल किंवा चेन क्लीनर लावून घासा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. डिझेल टायरला लागू देऊ नका, रबर फुगतं. उरलेलं काळं डिझेल नालीत ओतू नका, पाण्यासोबत ते पेढी नदीत जाईल.

🚲 डिस्क ब्रेक : फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड. डिस्कला तेलाचा थेंब लागला तरी ब्रेक घसरतो.

🚲 वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा हब आणि पायडलच्या एक्सलवर नको. आतलं ग्रीस निघून बेअरिंग गंजतात.

शेवटी सायकल कोरडी पुसा, चेनच्या प्रत्येक कडीला थेंबभर तेल द्या आणि वरचं तेल पुसून काढा, नाहीतर धूळ चिकटते.

याच वलगावजवळ, पेढीकाठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. हाती खराटा घेऊन त्यांनी गावंच्या गावं झाडली. आपण निदान आपली सायकल आणि आपली नदी तरी स्वच्छ ठेवूया.