दगडांत राहिलेला हिमकाल

चंद्रपूर म्हटलें कीं आपल्यापुढें उभें राहतें तें वैशाखांतील रणरणतें ऊन. त्या मुलुखांत इरई येथें जुन्या चुनखडकाचा एक पृष्ठभाग आहे. तो घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर लांब ओरखडे उमटलेले आहेत. आणि त्याच्या माथ्यावर बारीक गाळांत रुतलेल्या धोंड्यांचा थर आहे. १८७५ सालीं फेडन या भूगर्भशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें व हें बर्फाचें काम असल्याचा निष्कर्ष काढला. त्यापूर्वीं, १८५६ सालीं, ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनीं ओरिसांतील तालचेर येथील अशाच थराविषयीं तोच तर्क मांडला होता.

हा तर्क कशाच्या बळावर? वाहतें पाणी गाळाची निवड करतें. वेग मंदावला कीं प्रथम गोटे, मग वाळू आणि शेवटीं चिखल खालीं बसतो. हिमनदी अशी निवड करीत नाहीं. हत्तीएवढा धोंडा आणि पिठासारखी माती ती एकत्रच टाकून देते. परंतु दरड कोसळली तरी असेंच मिश्रण होतें. म्हणून खालचा घासलेला पृष्ठभाग व धोंड्यांवरील ओरखडे ही साक्ष महत्त्वाची ठरते.

दुसरी साक्ष रसायनशास्त्राची. ग्रॅनाइटांत फेल्स्पार नांवाचें खनिज विपुल असतें. उष्ण व पावसाळी हवेंत, कार्बनिक आम्ल मिसळलेल्या पाण्यानें त्यांतील सोडियम, कॅल्शियम व पोटॅशियम वाहून जातात. अॅल्युमिनियम मात्र चिकणमातींत मागें राहतें. नेस्बिट व यंग यांनीं १९८२ सालीं यावरून विदारणाचा एक निर्देशांक बसविला. ताज्या ग्रॅनाइटाचा आंकडा सुमारें ५०, तर शुद्ध केओलिन मातीचा १०० च्या जवळ येतो. थंडींत खडक दळला जातो, पण कुजत नाहीं. तालचेर थरांतील वालुकाश्मांत फेल्स्पार ताजा सांपडतो, तो यामुळेंच.

तथापि एका आंकड्यावर विसंबणें धोक्याचें आहे. कोरड्या वाळवंटांतही फेल्स्पार टिकतो. जुन्याच चिखलाचा पुन्हां गाळ झाला, तर आंकडा भलत्याच काळाची हवा सांगतो. थर गाडला गेल्यावर त्यांत पोटॅशियम शिरलें, तर तो खोटा उतरतो. म्हणून अनेक साक्षी जुळल्यावांचून निकाल देतां येत नाहीं.

येथें त्या जुळतात. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेंही असे थर आहेत. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं हे सारे भूभाग गोंडवन या एका खंडांत, दक्षिण ध्रुवाच्या आसपास होते.

पुढें बर्फ हटलें, दलदली पसरल्या, त्यांत वनस्पती गाडल्या गेल्या आणि दगडी कोळसा झाला. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनीं कोळशांत सांठविला. खडकांचें विदारणही तो सावकाश शोषून घेतें. ही दोन्ही कामें लाखों वर्षांचीं. तोच कोळसा आपण दिव्याच्या प्रकाशासाठीं कांहीं पिढ्यांत जाळीत आहों. हवेचा तोल सांवरण्यास निसर्गाला किती अवधि लागतो, हें हे मुके दगड सांगत आहेत. तें ऐकणें आपल्याच हिताचें आहे.