लघुचित्रामागचे मोठे गणित

संगमनेर, प्रतिनिधी : प्रवरेच्या घाटाचे एखादे छायाचित्र संगमनेरच्या छायाचित्रकाराने 'विकिमीडिया कॉमन्स' या मुक्त संग्रहावर चढविले, की लेखात ते टपाल तिकिटाएवढे दिसते आणि टिचकी मारताच पडदाभर उघडते. ही लहान-मोठी रूपे कोण तयार करते, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. ती बहुतांशी आधीपासून तयार नसतात. मागणी आली की सर्व्हर ती त्या क्षणी घडवितो.

यामागे वाचकाच्या खिशाचा प्रश्न आहे. १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ४ मेगाबाइटचे असते. अशी ४० छायाचित्रे एका पानावर मांडली, तर १६० मेगाबाइट उतरवावे लागतात. पानावर केवळ रुंदी कमी लिहून भागत नाही. कारण ब्राउझर संपूर्ण फाइल आणूनच ती लहान दाखवितो. याउलट खरीखुरी लघुचित्रे, म्हणजेच थंबनेल, प्रत्येकी १० किलोबाइटची धरली, तरी सगळी मिळून ४०० किलोबाइटच भरतात.

सर्व आकार आधीच करून ठेवावेत, तर पानाची रचना बदलताच ते निरुपयोगी ठरतात. म्हणून मूळ चित्र विदागारातून (डेटाबेस) काढून, उलगडून, शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन लहान केले जाते. मात्र हे काम फुकट होत नाही. ४००० गुणिले ३००० बिंदूंचे चित्र उलगडले, की प्रत्येक बिंदूस तीन बाइट याप्रमाणे ३६ मेगाबाइट स्मृती व्यापते. एकाच वेळी शंभर मागण्या आल्या, तर ३६०० मेगाबाइट लागतात आणि साधा सर्व्हर कोलमडतो.

यावरील उपाय म्हणजे एकदा घडविलेले लघुचित्र जपून ठेवणे. विकिमीडियाने २०१७ मध्ये या कामासाठी 'थंबर' ही प्रणाली स्वीकारली. तेथे चित्राची माहिती विदागारात, तर मूळ फाइल स्वतंत्र साठवणूक यंत्रणेत असते. आशियातील वाचकांना तयार प्रती जवळून मिळाव्यात, यासाठी २०१८ मध्ये सिंगापूर येथे केंद्र सुरू झाले.

चित्रे थेट विदागारात ठेवणाऱ्या शाळा व संस्थांनी तीन पथ्ये पाळावीत. 'मायएसक्यूएल'मधील 'ब्लॉब' या रकान्यात ६५,५३५ बाइटच मावतात. शिथिल मांडणीत उरलेले चित्र कापले जाते व पडद्यावर अर्धेच उमटते. तेथे १६ मेगाबाइटपर्यंतचा 'मीडियमब्लॉब' हवा. दुसरे, ठरावीक आकारांचीच मागणी मान्य करावी. अन्यथा एखादा खोडसाळ हजारो आकार मागून सर्व्हर बंद पाडू शकतो. तिसरे, मूळ चित्राच्या जागी लघुचित्र कदापि साठवू नये. मोठ्याचे लहान केव्हाही करता येते; लहान चित्रातून गेलेला तपशील मात्र परत मिळत नाही.